हवा हाही कच्चा माल

(प्रस्तावना)

दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या लोखंड गाळणाऱ्या कारखानदारांचा एक पक्का समज होता: भट्टीत फुंकायची हवा जितकी थंड, तितके काम चांगले. या समजाला अनुभवाचा आधार होता. हिवाळ्यात भट्ट्या झकास चालत, कोळसा कमी लागे, लोखंड जास्त उतरे. उन्हाळा आला की तीच भट्टी, तेच खनिज आणि तीच माणसे असूनही उतारा घसरे. हिवाळ्यात थंडी पडते, तेव्हा गुण थंडीचाच असणार, असे सगळ्यांनी धरून टाकले. १८२८ साली ग्लासगोच्या जेम्स ब्यूमाँट नीलसनने तापवलेली हवा भट्टीत सोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि लोखंडाच्या दर टनामागे लागणारा कोळसा भराभर खाली आला. थंडीचा गुण खोटा ठरला.

मग हिवाळ्यात भट्टी चांगली चालायची, त्याचे काय? अनुभव काही खोटा नव्हता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला पुढे पाऊण शतक गेले. १९०४ साली अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या इझाबेला भट्ट्यांवर जेम्स गेली या अभियंत्याने भट्टीकडे जाणारी हवा आधी शीतयंत्राच्या नळ्यांवरून नेली, तिच्यातले पाणी गोठवून काढले आणि मग ती कोरडी हवा तापवून आत सोडली. कोक कमी लागू लागला, उत्पादन वाढले आणि भट्टीची चाल ऋतूवर हेलकावे खाईनाशी झाली. हिवाळ्याचा गुण थंडीत नव्हता, कोरडेपणात होता. थंड हवेत बाष्प कमी मावते, एवढाच थंडीचा त्यात वाटा. भट्टीत शिरणारे बाष्प जळत्या कोकशी अभिक्रिया करते आणि ती अभिक्रिया उष्णता खाते. मिनिटाला हजार घनमीटर हवा ओढणारी भट्टी घ्या. त्या हवेत घनमीटरमागे १५ ग्रॅम बाष्प असेल, तर तासाला ९०० लिटर पाणी आपण आपल्या हाताने विस्तवात ओतत असतो. ते पाणी दिसत नाही, एवढेच.

या पुस्तकाचा विषय काय, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. सभोवतालच्या हवेचे तापमान, तिच्यातला ओलावा आणि तिचा दाब या तीन गोष्टी यंत्रांवर आणि रासायनिक प्रक्रियांवर काय परिणाम करतात, हा तो विषय. मला सांगायचे आहे ते एकच. हवा हा प्रत्येक कारखान्यातला कच्चा माल आहे. मात्र त्याची पावती फाटत नाही, त्याचा नमुना प्रयोगशाळेत जात नाही आणि स्टोअरच्या रजिस्टरात त्याची नोंद होत नाही. बाकी सगळा माल आपण तपासून घेतो. हा माल रोज बदलतो, तासातासाला बदलतो, आणि तरी तो तपासायचे आपल्या मनात येत नाही. बॅच बिघडली की आपण आधी माणसाला दोष देतो, मग यंत्राला, मग पुरवठादाराला. त्या दिवशीची हवा कशी होती, हे विचारणारा क्वचित भेटतो. आणि विचारले तरी उत्तर देता येत नाही, कारण कुणी लिहून ठेवलेले नसते.

दुसरी गोष्टही त्या भट्ट्यांनीच शिकवली. तापमान, ओलावा आणि दाब एकमेकांत गुंतलेले असतात. एक बदलले की दुसरे हलते, आणि जे अंगाला जाणवते ते कारण असेलच असे नाही. तापमान अंगाला लगेच कळते, म्हणून आळ त्याच्यावर जातो. खरे काम पुष्कळदा ओलावा करून जातो.

आपल्याच राज्यातली दोन शहरे घेऊ. मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी ४५ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. जुलैतल्या मुंबईत ३० अंश आणि ८५ टक्के आहे. दोन्ही ठिकाणी एकाच मापाचा कूलिंग टॉवर बसवला, तर अधिक गार पाणी कुठे मिळेल? कुणालाही विचारा, मुंबई असेच उत्तर येईल. बरोबर उत्तर नागपूर आहे. कूलिंग टॉवर पाणी गार करतो तो त्याच पाण्याचा थोडा भाग वाफेत घालवून. हवा जितकी तहानलेली, तितके हे काम सोपे. हे मोजण्यासाठी तापमापकाच्या बल्बवर ओले फडके गुंडाळतात आणि त्यावरून वारा खेळू देतात; तो जो आकडा दाखवतो ते वेट बल्ब तापमान. वर दिलेल्या नागपूरच्या हवेत ते साधारण २४ अंश येते, मुंबईच्या हवेत २८. चांगला टॉवर या आकड्याच्या चारेक अंश वर थांबतो, खाली जात नाही. म्हणजे नागपूरच्या रणरणत्या दुपारी २८ अंशांचे पाणी मिळते आणि मुंबईच्या झिमझिम पावसात ३२ अंशांचे. विदर्भात घरोघरी कूलर चालतो आणि कोकणात तो निरुपयोगी ठरतो, त्याचेही कारण हेच.

चार अंशांनी काय बिघडते, असे वाटेल. औषधांच्या कारखान्यांत मिथिलीन क्लोराइड हे द्रावक सर्रास वापरतात. ते ४० अंशांच्या किंचित खालीच उकळते. कंडेन्सरला २८ अंशांचे पाणी मिळाले तर वाफ आणि पाणी यांच्यात बारा अंशांचे अंतर राहते, ३२ अंशांचे मिळाले तर आठ. उष्णता वाहते ती या अंतराच्या जोरावर. जोर एक तृतीयांशाने घटला की द्रव न झालेली वाफ व्हेंटमधून बाहेर पडते. पावसाळ्यात द्रावकाचा हिशेब जुळेनासा होतो, तेव्हा गळती शोधत पाइपलाइनी धुंडाळल्या जातात, चोरीचा संशयही घेतला जातो. कुणीही चोरलेले नसते. ते हवेने नेलेले असते.

हीच दोन शहरे कंप्रेसरच्या खोलीत नेऊन पाहू. मुंबईच्या त्या हवेत घनमीटरमागे सुमारे २६ ग्रॅम बाष्प आहे, नागपूरच्या हवेत सुमारे १० ग्रॅम. मिनिटाला दहा घनमीटर हवा ओढणारा साधा कंप्रेसर मुंबईत तासाला पंधरा लिटरहून अधिक पाणी हवेबरोबर गिळतो. हवा सात बार दाबाला दाबून ४० अंशांपर्यंत गार केली, की त्यातले अकरा-बारा लिटर थेंबांच्या रूपात वेगळे होते; आठ तासांच्या शिफ्टला नव्वद लिटरच्या आसपास. सापळा तुंबला किंवा ड्रेन उघडायचे राहिले, तर हे पाणी व्हॉल्व्हमध्ये, न्यूमॅटिक सिलिंडरमध्ये, रंगाच्या फवाऱ्यात जाऊन बसते. मे महिन्यातल्या नागपुरात हाच कंप्रेसर, आफ्टरकूलर गरम चालत असल्यामुळे, जवळजवळ कोरडा राहतो. तिथल्या अनुभवी माणसाची कोकणात बदली झाली आणि त्याने जुन्या सवयीने ड्रेनकडे दुर्लक्ष केले, तर तो आळशी नसतो. त्याला नव्या गावची हवा कुणी शिकवलेली नसते.

पुस्तकाचा पहिला भाग तापमानावर आहे. रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, तो उसळत वाढतो. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८८९ साली या वाढीचे सूत्र मांडले. ढोबळ हिशेब असा, की दहा अंश वाढले की बऱ्याच अभिक्रियांचा वेग दुप्पट होतो. उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेत याचा अर्थ गंभीर होतो. आत तयार होणारी उष्णता दुपटीने वाढत जाते, तर भिंतींमधून बाहेर जाणारी उष्णता फक्त तापमानातल्या अंतराच्या प्रमाणात वाढते. कधीतरी पहिली दुसरीला मागे टाकते आणि त्यानंतर रिॲक्टर माणसाच्या हातात राहत नाही. बाहेरची हवा तापली किंवा कूलिंग टॉवरचे पाणी कोमट झाले, की तो क्षण अलीकडे सरकतो.

भोपाळची आठवण इथे टाळता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ई-६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. हा द्रव ३९ अंशांना उकळतो, म्हणून तो शून्य अंशाच्या आसपास गार ठेवायचा असतो. टाकीसाठी शीतयंत्रणा होती, पण ती जूनपासून बंद होती, आणि टाकीतला द्रव भोपाळच्या हवेशी जुळवून घेत पंधरा-वीस अंशांवर आला होता. पाणी शिरले हे अपघाताचे कारण. पण शून्याजवळच्या थंड द्रवात तीच अभिक्रिया कितीतरी मंद सुरू झाली असती आणि माणसांना हालचाल करायला वेळ मिळाला असता. शीतयंत्रणा बंद करताना कुणीतरी विजेचा आणि गॅसचा खर्च मोजला होता. सभोवतालची हवा टाकीत काय करील, हे मोजले नव्हते.

७ मे २०२० ला विशाखापट्टणममध्ये स्टायरीनची टाकी तापली, तेव्हाही कथा याच जातीची होती. टाळेबंदीमुळे टाकी आठवडेच्या आठवडे पडून होती. दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. स्टायरीनचे रेणू आपसांत जुळू नयेत म्हणून घातलेले निरोधक द्रव्य संपत आले होते. तापमानाची नोंद टाकीच्या तळाजवळ होत होती आणि वरचे थर त्याहून कितीतरी अधिक तापले होते. पहाटेच्या झोपेत असलेल्या वस्तीत वायू पसरला आणि १२ माणसे गेली. या दोन्ही घटनांवर मी सविस्तर प्रकरणे लिहिली आहेत. ती लिहिताना हात जड झाला, पण ती वगळून हा विषय शिकवणे मला अप्रामाणिक वाटले असते. तापमानाचा काटा कुठे बसवला आहे, हा प्रश्न कधी कधी जीवन-मरणाचा असतो.

तापमानाचा संथ मारा विजेच्या यंत्रांवर चालू असतो. मोटरच्या गुंडाळीवरचे इन्सुलेशन ठरलेल्या मर्यादेपेक्षा दहा अंश अधिक तापत राहिले, तर त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. मोटरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता ही भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत आणि जागा समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंत, असे धरून दिलेली असते. चंद्रपूरला उन्हाळ्यात सावलीतले तापमान ४५ च्या वर जाते आणि बॉयलरजवळ त्याहून बरेच अधिक असते. तिथे पूर्ण भाराने चालवलेली मोटर पाटीवरचा शब्द पाळत नाही, यात मोटरचा दोष नाही. गॅस टर्बाइनची क्षमता तर १५ अंश तापमान, ६० टक्के आर्द्रता आणि समुद्रसपाटीचा दाब धरून सांगतात. उरणच्या टर्बाइनला ती हवा वर्षातल्या बहुतेक दिवशी लाभत नाही. हवा तापली की विरळ होते. टर्बाइन तेवढेच आकारमान ओढते, पण त्यातले वस्तुमान घटते, आणि अंशामागे अर्धा-पाऊण टक्का वीज कमी मिळते. उन्हाळ्यात विजेची मागणी चढते, नेमकी तेव्हाच.

दुसरा भाग ओलाव्याचा, आणि तो सर्वांत मोठा झाला आहे. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते. कागद हवेतला ओलावा शोषून फुगायचा, हवा सुकली की आकसायचा. एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत कागदाचे माप बदललेले असायचे. त्या छापखान्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आज ज्याला आपण एसी म्हणतो, त्याचा जन्म माणसाच्या सुखासाठी झाला नाही, छपाईच्या शिस्तीसाठी झाला.

कापसाला हेच निराळ्या रीतीने लागू पडते. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते, तंतूंवर स्थिर वीज साठते, धागा तुटतो. मुंबईच्या दमट हवेने गिरण्यांना हात दिला. नागपुरात ती सोय नव्हती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला तिथे एम्प्रेस मिल सुरू केली ती कापसाच्या मुलखाच्या जवळ राहण्यासाठी, आणि तिथल्या कोरडेपणावर उपाय म्हणून हवेत ओल सोडणारी यंत्रणा बसवली. कापूस जवळ आणि हवा कोरडी, किंवा हवा दमट आणि कापूस लांब: गिरणी कुठे काढायची या निर्णयात हवेचाही हिशेब मांडावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

औषधांच्या कारखान्यात ओलाव्याचे गणित आणखी बारीक होते. जिलेटिनच्या कॅप्सूलच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असावे लागते. कमी झाले तर ते तडकते, जास्त झाले तर मऊ पडून एकमेकांना चिकटते. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी गोळी कोंदट पावसाळी हवेत बनवायला घेतली, तर ती पाकिटात शिरण्यापूर्वीच फसफसू लागते. ड्रायरमध्येही असेच. पावसाळ्यात ड्रायरला जाणारी हवा ८० अंशांपर्यंत तापवली तरी तिच्यातले पाणी कुठे जात नाही. सुरुवातीचा बराचसा ओलावा ती झटपट उडवते, पण पावडरमधला शेवटचा अर्धा टक्का निघेनासा होतो, आणि गुणवत्तेची अट नेमकी त्या अर्ध्या टक्क्यावर असते. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून पाहतात. त्या चाचणीच्या पेटीतली हवा कोकणातल्या गोदामाहून फार निराळी नाही.

लोखंडाच्या गंजाबद्दल ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले, की दूषित हवेतही सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास पोचेपर्यंत गंज मंद असतो, ती पातळी ओलांडली की तो झपाट्याने वाढतो. किनाऱ्यावर याहून वाईट परिस्थिती असते. मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतून पाणी ओढून विरघळते, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. म्हणून तारापूर, पाताळगंगा, लोटे इथल्या उघड्या लोखंडावर, दिसायला कोरडे असतानाही, खाऱ्या पाण्याचा पातळ थर असू शकतो. रंग लावणाऱ्यांनी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना काम थांबवावे आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर असल्याची खात्री करावी, हा नियम त्यातूनच आला. तो पाळला नाही तर रंग लोखंडावर बसत नाही, पाण्यावर बसतो.

हवा फार कोरडी झाली तरी धोका असतोच. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत पावडर ओतताना, द्रावक पाइपातून वेगाने वाहताना स्थिर वीज साठत जाते. दमट हवेत ती पृष्ठभागावरच्या ओलीतून हळूहळू निघून जाते; कोरड्या हवेत ती ठिणगी होऊन बाहेर पडायची वाट पाहते. जे कुरकुंभला किंवा बुटीबोरीला जपायचे, ते महाडला जपायच्या गोष्टींपेक्षा वेगळे आहे. सुरक्षेची एकच छापील यादी सगळीकडे चिकटवून भागत नाही.

तिसरा भाग दाबाचा. हवेला वजन आहे हे टॉरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीने दाखवले आणि उंचीवर ते कमी होते, हे ब्लेज पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने १९ सप्टेंबर १६४८ ला फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर नळी नेऊन सिद्ध केले. आज आपण ते शाळेत शिकतो आणि कारखान्यात विसरतो. साखर कारखान्याचा व्हॅक्यूम पॅन घ्या. साखर करपू नये, तिचा रंग बिघडू नये म्हणून रस कमी दाबाखाली, कमी तापमानाला उकळवतात. पॅनवरचा साधा गेज बाहेरच्या हवेच्या मानाने आत किती दाब कमी आहे, तेवढेच सांगतो. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो. कोल्हापूर, पुणे साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने तिथे तो सुमारे ७१० असतो. गेजवर ६५० दिसले, तर समुद्रकाठी आत ११० मिलिमीटर दाब उरला आणि पाणी ५३-५४ अंशांना उकळेल. कोल्हापुरात आत जेमतेम ६० उरला आणि ते ४२ अंशांच्या आतबाहेर उकळेल. काटा एकाच जागी, उकळण्यात अकरा-बारा अंशांचा फरक. आणि किनाऱ्यावर काम शिकून आलेला माणूस कोल्हापुरात ७२० मिलिमीटर व्हॅक्यूम मिळवायची जिद्द धरून बसला, तर तो आयुष्यभर गळत्या शोधत राहील. तेवढा व्हॅक्यूम तिथल्या हवेत नाहीच.

दाबाचे दुसरे रूप टाक्यांना सोसावे लागते. उन्हात तापलेल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीवर वळवाची सर कोसळते. आतली हवा ५० अंशांवरून ३० वर येते आणि सहा टक्क्यांनी आकसते. व्हेंट मोकळा असेल तर बाहेरची हवा आत येते आणि काही बिघडत नाही. व्हेंट पक्ष्याच्या घरट्याने, गंजाने किंवा कुणी बांधून ठेवलेल्या प्लास्टिकने बुजला असेल, तर आतला दाब पाण्याच्या सहाशे मिलिमीटर उंचीइतका घटू शकतो. अशा टाक्या काही दहा मिलिमीटरच सोसतील अशा बांधलेल्या असतात. पत्र्याच्या दर चौरस मीटरवर सहाशे किलोचा भार येतो आणि टाकी चुरगळते. तिला चुरगळणारे बळ रोजच्या हवेचे असते.

ब्रिटनमध्ये १८७२ च्या कोळसा खाण कायद्याने धोकादायक वायू आढळलेल्या खाणीच्या तोंडाशी बॅरोमीटर आणि तापमापक लावणे बंधनकारक केले होते. हवेचा दाब उतरला की खाणीच्या सोडून दिलेल्या पोकळ्यांतून मिथेन बाहेर पाझरतो, आणि दाब चढला की तो आतच दबून राहतो. काटा उतरू लागला तर खाली उतरणाऱ्या माणसाने सावध व्हायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याला जे कळले होते, ते मला फार मोलाचे वाटते: हवेचा आकडा कामगाराला दिसेल अशा जागी असला पाहिजे.

उंच जागांवरच्या यंत्रांसाठी वेगळे प्रकरण आहे, कारण आज महाराष्ट्रातले कितीतरी तंत्रज्ञ लडाखमध्ये काम करतात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास येतो, पाणी ८८ अंशांना उकळते, डिझेल जनरेटर पूर्ण ताकद देत नाही, आणि विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते, विजेची ठिणगीही कमी अडवते. थंडी आहे म्हणून मोटर गार राहील, हा भरवसा तिथे अर्धाच खरा ठरतो.

ही सगळी चर्चा यंत्रांची आणि प्रक्रियांची आहे, पण त्याच हवेत माणूस उभा असतो. ब्रिटनमधल्या लँकेशरच्या कापड गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून मागांच्या खोलीत वाफ सोडत. विणकर तिथे दिवस दिवस भिजत आणि गुदमरत. त्याविरुद्ध ओरड झाली आणि १८८९ च्या कायद्याने खोलीत किती ओलावा असावा याला मर्यादा घातली. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातही कृत्रिम ओलाव्याबद्दल स्वतंत्र कलम होते. माणसाचे शरीर गार राहते ते कूलिंग टॉवरसारखे, घाम वाफेत घालवून; आणि टॉवर जिथे हरतो तिथे शरीरही हरते. वेट बल्ब ३५ अंशांवर गेला, तर सावलीत नुसता बसलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही, आणि कष्टाचे काम करणाऱ्याची मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे असते. धाग्याला मानवणारी हवा विणकराला मानवतेच असे नाही. या पुस्तकात यंत्राच्या प्रत्येक आकड्याशेजारी माणसाचाही आकडा देण्याचा मी प्रयत्न केला आहे, कारण एकाच हवेचे दोन हिशेब ठेवून त्यातला एक विसरायचा, हे मला मान्य नाही.

हवा मोजण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले; शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. शेतीसाठी, जहाजांसाठी, विमानांसाठी इतकी वर्षे रोज हवेची नोंद होते आहे. तिथून चार मैलांवरच्या कारखान्यात मात्र ती होत नाही. वेधशाळेचा आकडा उसना घेऊनही भागत नाही. तो मोकळ्या जागेतल्या सावलीतला असतो. बॉयलरमागची, पत्र्याच्या छपराखालची, ड्रायरच्या तोंडाशी असलेली हवा निराळी असते. ती तिथेच मोजावी लागते.

हे पुस्तक मी मराठीत लिहिले, कारण व्हॉल्व्ह फिरवणारा, गेज वाचणारा, लॉगबुक भरणारा माणूस आपसांत मराठीत बोलतो, आणि हवेतला बदल सर्वांत आधी त्यालाच जाणवतो. आयटीआयचे आणि पदविकेचे विद्यार्थी, पाळीप्रमुख, लहान कारखान्यांचे मालक हे माझे वाचक आहेत. कारखान्यात जे शब्द रुळले आहेत तेच ठेवले आहेत. गणित आवश्यक तेवढेच आहे आणि प्रत्येक सूत्राखाली आपल्याकडच्या हवेचे सोडवलेले उदाहरण आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी आधी ओलाव्याचा भाग वाचावा. रोजच्या तक्रारींपैकी बहुतेकांची मुळे तिथे सापडतील. ज्यांच्याकडे ज्वलनशील किंवा आपोआप तापणारे पदार्थ साठवलेले आहेत, त्यांनी मात्र तापमानाचा भाग पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वाचकाकडून मला आणखी एक अपेक्षा आहे. लॉगबुकात तीन रकाने वाढवा: कोरड्या बल्बचे तापमान, ओल्या बल्बचे तापमान आणि हवेचा दाब. दोन तापमापक, एक फडके आणि साधा बॅरोमीटर एवढ्यावर काम भागते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि मध्यावर हे तीन आकडे लिहा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे पूर्ण वर्ष जाऊ द्या. मग नापास झालेल्या बॅचच्या, जळालेल्या मोटरच्या, घटलेल्या द्रावकाच्या तारखा त्या रकान्यांशेजारी मांडा. कधी काहीच संबंध दिसणार नाही, आणि तेही कळणे उपयोगाचे आहे, कारण मग कारण दुसरीकडे शोधता येईल. पण जिथे संबंध दिसेल, तिथे वर्षानुवर्षे माणसांच्या माथी मारलेला दोष पुसला जाईल आणि खरा उपाय हाती येईल. कोणत्याही पुस्तकात, याही पुस्तकात, तुमच्या कारखान्याच्या हवेचे आकडे नाहीत. ते तुम्हालाच लिहायचे आहेत.